वचनाची रुजवात

खोट्या शिकवणीपासून सावध राहा, असा इशारा वेदीवरून दिला गेला, की ऐकणाऱ्या मंडळीची नजर बहुधा दाराबाहेर जाते. कोणाच्या मनात शेजारच्या गल्लीत नव्याने सुरू झालेली प्रार्थनासभा येते, कोणाच्या मनात दुसरा पंथ, कोणाच्या मनात घरोघरी पुस्तिका वाटीत फिरणारी अनोळखी माणसे. आणि आपण स्वतः व आपला पाळक या दोहोंना त्या इशाऱ्याच्या कक्षेतून मुकाट्याने वगळले जाते. परंतु हा इशारा ज्या प्रसंगी अत्यंत गंभीरपणे दिला गेला, त्या मिलेत बंदरातील निरोपाच्या वेळी पौलाने इफिसच्या वडीलमंडळींना जे सांगितले ते असे सोयीचे नव्हते. बाहेरून क्रूर लांडगे शिरतील हे त्याने सांगितले खरे. पण पाठोपाठ, समोर उभ्या असलेल्या त्याच वडिलांमधून, जे क्षणभराने त्याच्या गळ्यात पडून रडणार होते त्यांच्यामधूनच, शिष्यांना आपल्यामागे ओढून नेण्यासाठी विपरीत बोलणारी माणसे निघतील, हेही त्याने सांगून ठेवले. खोट्या शिकवणीची इतकी नेमकी खूण मला दुसरीकडे सापडत नाही. शिकवण कोणत्याही शब्दांनी सजलेली असो, तिच्या अखेरीस श्रोता जर ख्रिस्ताऐवजी उपदेशकाला बांधला जात असेल, तर मामला बिघडला आहे असे समजावे. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतील मंडळ्यांपुढे मला जे मांडावयाचे आहे ते हे, की ही पारख पाळकाकडे, बिशपाकडे किंवा सरकारकडे सोपवून मोकळे होण्याजोगी बाब नाही; ती सामान्य विश्वासणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि जबाबदारीपेक्षाही अधिक, तो त्याचा हक्क आहे, जो आमच्या लोकांना फार उशिरा व फार मोठे मोल देऊन मिळाला.

हे मोल समजण्यासाठी या प्रदेशाच्या इतिहासाकडे थोडे वळावे लागते. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत मराठवाडा निजामाच्या अमलाखाली होता. दफ्तराची भाषा आधी फारसी व मागाहून उर्दू. १९१८ साली हैदराबादेत विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. घरात मराठी बोलणाऱ्या कुणब्याला आपल्याच शेताच्या कागदावर काय लिहिले आहे हे कळत नसे, आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला तर अक्षर नावाची वस्तूच वर्ज्य होती. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे आजच्या लातूर जिल्ह्यातील तालुके त्या काळी बीदर जिल्ह्यात मोडत, आणि बीदरला अमेरिकन मेथडिस्ट मिशनचे ठाणे होते. तिकडे जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी सर सालारजंगांकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले होते. या दोन्ही ठिकाणांहून मराठवाड्यात जो ख्रिस्ती धर्म पसरला, त्याच्या एका हातात शुभवर्तमान होते व दुसऱ्या हातात अंकलिपी. कित्येक घराण्यांत पहिला साक्षर माणूस हा बायबल वाचता यावे म्हणून साक्षर झाला. ज्या समाजाने न वाचलेल्या खतावर अंगठा उठवून आपल्या जमिनी सावकाराच्या घशात गेलेल्या पाहिल्या, त्याच समाजाची आजची लेकरे हातात छापील पवित्र शास्त्र असताना उपदेशक सांगेल त्यावर न वाचता अंगठा उठवू लागली, तर तो त्यांच्या वाडवडिलांच्या कष्टांचा अपमान होय.

आता जी शिकवण आमच्या भागात सर्वांत सहज पसरते तिचा विचार करू. ती त्रैक्य नाकारणारी वा ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी वाद घालणारी नाही. अशा वादांसाठी ३२५ साली निकियात परिषद भरली आणि त्यांचे महत्त्व आजही कमी नाही. पण चाकूर वा कंधार तालुक्यातील शेतमजुराच्या दारात ख्रिस्ताचे देवत्व नाकारणाऱ्या एरियसचा अनुयायी क्वचितच येतो. येतो तो आशीर्वादाचा हिशेब मांडणारा. तुम्ही देवाच्या कामासाठी जे द्याल ते बीज आहे, ते पेरले की शंभर पटीने परत येईल, कर्ज फिटेल, मुलाला नोकरी लागेल, बोअरला पाणी लागेल, असे तो सांगतो. अमेरिकेत ओरल रॉबर्ट्स यांनी १९७० च्या सुमारास विश्वासाच्या बीजाचा हा सिद्धांत रूढ केला, आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून व आता भ्रमणध्वनीवरून तो आमच्या तांड्या-वस्त्यांपर्यंत येऊन पोहोचला आहे. ज्या लातूर जिल्ह्याच्या मुख्य शहराला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, जेथे सोयाबीनचा भाव आणि पावसाचा लहरीपणा मिळून घरधन्याची झोप उडवतात, तेथे अशा वचनाला गिऱ्हाईक मिळावे यात नवल नाही, आणि ते घेणाऱ्या गरिबाला मी दोष देत नाही. दोष देतो तो त्या शिकवणीच्या रचनेला, कारण तीत सांगणाऱ्याला कधीही तोटा होत नाही. पीक आले तर बीजाचा महिमा. पीक बुडाले तर पेरणाऱ्याचा विश्वास उणा. अर्पण मात्र दोन्ही प्रसंगी पेटीत जमा होऊन चुकलेले असते. सावकार निदान खतावर व्याजाचा दर लिहून देत असे. मीखा संदेष्ट्याने यरुशलेमेतील जे संदेष्टे पैशासाठी भविष्य सांगत आणि वर देव आपल्यामध्ये आहे असा निर्वाळा देत, त्यांच्याविषयी जे कठोर उद्गार काढले ते सत्तावीस शतकांनंतरही जुने झालेले नाहीत.

चंगाईचा प्रश्न याहून नाजूक आहे. आजाऱ्यासाठी प्रार्थना करणे हा ख्रिस्ती मंडळीचा प्राचीन व पवित्र आचार आहे. देव बरे करतो यावर माझा विश्वास आहे, आणि ज्याच्या घरी लेकरू तापाने फणफणले आहे त्याला वडिलांनी येऊन तेल लावून प्रार्थना करावी असे वाटण्यात गैर काहीच नाही. पण अलीशाने नामानाला कोडातून मुक्त केल्यानंतर एक कवडीही घेतली नाही, आणि त्याचा चाकर गेहजी मागाहून धावत जाऊन धन्याच्या नावावर रुपे व वस्त्रे घेऊन आला तेव्हा ते कोड गेहजीच्या अंगाला चिकटले, ही कथा चंगाईच्या सभांतून जितकी सांगितली जावयास हवी तितकी सांगितली जात नाही. आणि गोळ्या बंद करा, इन्सुलिन सोडा, फिट येणाऱ्या मुलीला दवाखान्यात नेण्याऐवजी तिच्यातील दुष्टात्मा काढू, असे जेव्हा कोणी म्हणतो, तेव्हा तो केवळ वैद्यकाविरुद्ध नव्हे, ख्रिस्ती परंपरेविरुद्ध बोलत असतो. मिशनरी डॉक्टर विल्यम वान्लेस यांनी मिरजेला रुग्णालय उभारले ते प्रार्थनेवर श्रद्धा नव्हती म्हणून नव्हे. डॉक्टर रजनीकांत व मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य १९७० साली बीडच्या सीमेलगत जामखेडला येऊन राहिले, त्यांनी अशिक्षित व दलित बायकांना हाताशी धरून त्यांच्याकडून गावोगाव बाळंतपणे व बालकांची देखभाल करविली, आणि १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या कामामागे जी श्रद्धा होती ती व्यासपीठावर माणसांना पाडणाऱ्या श्रद्धेहून लहान होती, असे म्हणण्याचे धाडस कोणी करावे?

महाराष्ट्रात या बाबतीत कायदाही आहे. डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर, त्यांनी वर्षानुवर्षे ज्याचा पाठपुरावा केला तो जादूटोणाविरोधी कायदा आधी वटहुकुमाच्या व मग विधिमंडळाच्या मार्गाने संमत झाला. चमत्काराचा दावा करून लोकांना फसविणे व पैसे उकळणे, तसेच साप वा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून अडविणे हे त्याखाली गुन्हे आहेत. काही ख्रिस्ती बांधवांना या कायद्याची भीती वाटते. मला वाटते, ज्याच्या चंगाईच्या सेवेत पैशाचा व्यवहार नाही व औषधाला मनाई नाही, त्याने तो कायदा आपल्याच घराच्या रखवालदारासारखा मानावा. तथापि कायदा येतो तो नुकसान झाल्यावर, फिर्याद व पंचनाम्याच्या वाटेने. मंडळीने जागे व्हावयाचे ते त्याच्या पुष्कळ आधी. केनियातील शाकाहोलाच्या जंगलातून २०२३ साली चारशेहून अधिक प्रेते उकरून काढली गेली. उपाशी मरून ख्रिस्ताला भेटावे अशी शिकवण त्या लोकांना दिली गेल्याचा आरोप तेथील उपदेशकावर आहे. तेथील पोलीस खात्याने काय केले वा काय केले नाही हा प्रश्न निराळा. पण पहिल्या दिवशी, पहिल्या उपासाला, जवळ बसलेल्या एखाद्याने पुस्तक उघडून, हे कोठे लिहिले आहे, असे विचारले असते तर?

आपत्तीच्या अर्थाविषयीही एक खोटी शिकवण असते आणि ती लातूरकरांनी विशेष ओळखावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी व आसपासची गावे झोपेतच गाडली गेली. सरकारी आकड्याप्रमाणेसुद्धा सात हजारांहून अधिक माणसे मेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद, हे त्या मृत्यूंचे प्रत्यक्ष कारण होते. जो कोणी अशा वेळी उठून हा अमक्या पापाचा दंड आहे असे सांगतो, मग तो कोणत्याही धर्माचा असो, तो आपल्या अंदाजाला देवाची मोहर लावतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली तेव्हा, ती इतरांहून अधिक पापी होती काय, हा प्रश्न येशूने स्वतः उपस्थित करून स्वतःच नाकारला, आणि पश्चात्तापाचे आवाहन मेलेल्यांवरून काढून जिवंत ऐकणाऱ्यांकडे वळवले. लूकाच्या तेराव्या अध्यायातील ती चार-पाच वचने ज्याने वाचली आहेत, त्याला ढिगाऱ्यावर उभा राहून शाप मोजणारा संदेष्टा फसवू शकत नाही.

मग पारखण्याची कसोटी कोणती? चमत्कार ही कसोटी नव्हे, हे अनुवादाच्या तेराव्या अध्यायात इतक्या स्पष्टपणे सांगितले आहे की आमच्या सभांतून तो अध्याय क्वचित वाचला जातो याचेच आश्चर्य वाटते. तेथे म्हटले आहे की एखाद्या संदेष्ट्याने सांगितलेले चिन्ह खरोखर घडून आले, आणि त्यानंतर त्याने परक्या दैवतांकडे चला असे म्हटले, तरी त्याचे ऐकू नये. चिन्ह घडून येऊनही! म्हणजे सत्यतेचा निवाडा अनुभवाच्या तीव्रतेवर, सभेच्या गर्दीवर वा साक्ष देणाऱ्यांच्या अश्रूंवर होत नाही. तो आधी दिलेल्या वचनाशी रुजवात घालून होतो. बिरुया येथील लोकांची प्रेषितांच्या कृत्यांत जी वाखाणणी आहे तीही याचसाठी, की साक्षात पौलाचे बोलणे त्यांनी आतुरतेने ऐकले आणि तरीही दररोज शास्त्र उलगडून ते तसेच आहे काय हे तपासून पाहिले. पौलाला त्याचा राग आला नाही. आपल्या प्रवचनाची शास्त्राशी पडताळणी केली म्हणून ज्याचे पित्त खवळते, तो पाळक स्वतःला पौलाहून वरचढ समजतो.

नांदेडच्या ख्रिस्ती माणसाला या बाबतीत शेजाऱ्याकडूनही शिकण्यासारखे आहे. शीख परंपरेप्रमाणे १७०८ साली याच शहरात, गोदावरीच्या काठी, गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवण्यापूर्वी देहधारी गुरूंची परंपरा संपवून गुरुपद ग्रंथाला दिले. त्यांची श्रद्धा व आमची श्रद्धा भिन्न आहेत आणि तो भेद मी पुसून टाकू इच्छित नाही. पण हयात माणसाच्या शब्दापुढे नव्हे तर सर्वांसमोर उघडून वाचल्या जाणाऱ्या ग्रंथापुढे सर्वांनी, उपदेशकासकट, मस्तक नमवावे, ही गोष्ट ज्या शहरात तीन शतके पाळली जात आहे, त्या शहरात आम्ही एखाद्या देहधारी माणसाला देवाचा विशेष अभिषिक्त म्हणून प्रश्नांच्या पलीकडे नेऊन बसवावे, हे शोभत नाही.

आणि आमच्या स्वतःच्या घरात पंडिता रमाबाई आहेत. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतरच्या वर्षांत तेथील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला आहे. प्रत्येक मराठी ख्रिस्ती माणसाने तो एकदा तरी वाचावा. त्रैक्याविषयी, अथानासियसच्या मतांगीकाराविषयी, चर्चच्या अधिकाराविषयी रमाबाई प्रश्नांवर प्रश्न विचारतात, सिस्टर दुखावतात, हा अहंकार आहे असे म्हणतात. आणि रमाबाई उत्तर देतात की भारतातील पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविल्यावर, धर्मगुरू जे जे सांगतील ते देवाची आज्ञा म्हणून मानण्याचे दुसरे जू मी उचलणार नाही. त्या काळी वाँटेजमधील सज्जनांना ही बाई खोट्या शिकवणीच्या वाटेवर आहे असे प्रामाणिकपणे वाटले असेल. पण पुढे काय घडले? जिला नुसते मान्य कर असे सांगून काही पटले नाही, ती स्वतः वाचून, स्वतः झगडून ख्रिस्तापाशी अशी आली की केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून उचलून आणलेल्या शेकडो मुली-बायकांचा भार तिने त्या श्रद्धेवर पेलला. १९०५ साली मुक्तीत जे संजीवन झाले, त्यातील रडणे, ओरडणे, अन्य भाषांत बोलणे पाहून पुष्कळ मिशनरी बिचकले. रमाबाईंनी त्या अनुभवाचा पक्ष घेतला, पण त्यावर आपले पीठ उभारले नाही. त्या अनुभवानंतरही त्यांचे आयुष्य ज्या कामात झिजले ते होते हिब्रू व ग्रीक शिकून साऱ्या बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे, जेणेकरून खेड्यातली अल्पशिक्षित बाईसुद्धा कोणाच्या मध्यस्थीवाचून ते समजू शकेल. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. मुक्तीच्याच छापखान्यातून ते बायबल १९२४ साली पूर्ण बाहेर पडले. खोट्या शिकवणीविरुद्ध महाराष्ट्रात याहून मोठा बंदोबस्त कोणी केल्याचे मला ठाऊक नाही.

रमाबाईंचे उदाहरण मी एवढे लांबविले ते अशासाठी, की सावधपणाच्या नावाखाली आमच्याकडे उलट प्रकारही घडतो. जो प्रश्न विचारतो तोच खोट्या शिकवणीचा म्हणून बाजूला काढला जातो, आणि जो आपल्या चालीने भजन म्हणतो त्याच्यावर संशय घेतला जातो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, कीर्तन, टाळ यांना ख्रिस्ताच्या चरणी आणले, आणि आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, मिशनच्या नोकरीतून बाहेर पडून देवाचा दरबार स्थापला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या दोन्ही प्रकारच्या शिष्यांना जागा होती. त्या दरबारातील सर्वच कल्पना मला मान्य नाहीत; बाप्तिस्म्याविषयी टिळक फार सैल झाले असे माझे मत आहे. परंतु त्यांच्या अंगावरची वस्त्रे व हातातील टाळ पाहून ज्यांनी नाके मुरडली, त्यांनी वेश आणि शुभवर्तमान यांची गल्लत केली. पौल गलतीकरांना दुसऱ्या शुभवर्तमानाविषयी शाप उच्चारतो, दुसऱ्या चालीविषयी नव्हे. येशूच्या दाखल्यात शेतातील निदणाविषयी धन्याने चाकरांना जे थांबविले, तेही ही घाई टाळण्यासाठीच. निदण उपटायला धावणाऱ्यांच्या पायांखाली गहूही जातो.

याउलट, जेथे थांबू नये तेथे आम्ही थांबतो, आणि त्याचे कारण मला समजते. आपण संख्येने थोडे. बाहेर आपल्यावर फसवून धर्मांतर करविल्याचा आरोप होत असतो. अशा वेळी आपल्याच एखाद्या उपदेशकाचे वाभाडे आपणच काढले तर विरोधकांच्या हाती कोलीत दिल्यासारखे होईल, म्हणून शहाणीसुरती माणसे गप्प बसतात. ही भीती खरी आहे, पण तिच्यापुढे नमणे चूक आहे. आपल्यातील फसवणूक आपण झाकतो तेव्हा तिची झळ विरोधकाला लागत नाही. ती लागते त्या विधवेला, जिने मंगळसूत्र मोडून अर्पण दिले आहे. आणि जो समाज आपल्या दोषांची चौकशी स्वतः करतो, त्यालाच आपल्यावरील खोट्या आरोपांना उत्तर देण्याचा अधिकार उरतो.

दुसऱ्या शतकात ल्योंचा बिशप इरेनियस याने गुप्त ज्ञानाच्या पंथांविरुद्ध लिहिताना जो मुद्दा मांडला तो आजही पुरेसा आहे: प्रेषितांची शिकवण मंडळ्यांतून सर्वांदेखत दिली गेली, सर्वांदेखत वाचली जाते, खाजगी कानगोष्टीने मिळणाऱ्या सत्याला तेथे जागा नाही. त्याच्याही आधीच्या डिडाखे या लहानशा पुस्तिकेत, फिरत्या उपदेशकाने तीन दिवस मुक्काम ठोकला वा पैसे मागितले तर तो खोटा संदेष्टा समजावा, असा व्यवहारी नियम आहे. त्या लेखकाला माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक होता. शिकवण जितकी उघड, जमाखर्च जितका उघड, तितकी फसवणुकीला जागा कमी. ज्या मंडळीचा ताळेबंद एकट्या पाळकाच्या कपाटात असतो आणि जिच्या अर्पणाची पावती कोणालाच मिळत नाही, त्या मंडळीत तत्त्वज्ञान कितीही शुद्ध असो, लांडग्यासाठी दार उघडेच आहे.

म्हणून नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर, निलंगा येथील माझ्या बंधुभगिनींना माझी विनंती आहे. येत्या रविवारी उपासनेला जाताना आपले स्वतःचे पवित्र शास्त्र बरोबर न्या, प्रवचनात सांगितलेले वचन उघडून त्याच्या मागचा-पुढचा मजकूर वाचा, आणि जे जुळत नाही ते पाळकांना, अदबीने पण सर्वांसमक्ष, विचारा. वार्षिक सभेत जमाखर्च मोठ्याने वाचावयास लावा. औषध थांबवा असे सांगणाऱ्याला आपल्या उंबरठ्याच्या आत घेऊ नका, मग त्याच्या सभेला कितीही गर्दी लोटो. आणि आपल्या घरात जी म्हातारी अजून निरक्षर असेल, तिला रोज संध्याकाळी एक अध्याय वाचून दाखवा, म्हणजे तिलाही तिचा प्रश्न विचारता येईल.